नारळातले पाणी

'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण तुम्ही घरी अनेकदा ऐकली असेल. एखाद्या आश्चर्याचा उलगडा होईनासा झाला, म्हणजे वडीलधारी माणसे ती म्हणतात आणि पुढचा विचार सोडून देतात. म्हण सुंदर आहे. तिला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु वीस-पंचवीस मीटर उंचीच्या माडाच्या शेंड्याला फळ लागते, त्या फळाला जाड सोडण असते, सोडणाच्या आत दगडासारखी करवंटी असते, आणि इतक्या कडेकोट बंदोबस्तात पेलाभर गोड पाणी साठलेले असते. ते तेथे का असावे, हा प्रश्न विचारण्यासारखा खास आहे.

मुळांनी ते जमिनीतून शोषून वर पोचवले, असे उत्तर तुमच्यापैकी पुष्कळजण देतील. ते चूक नाही. पण ते अर्धेच उत्तर झाले. तसे पाहिले तर आंब्याच्या रसातले पाणीही मुळांनीच आणलेले असते. खरा प्रश्न असा, की माडाने हे पाणी कोणासाठी साठविले? उन्हातून आलेल्या वाटसरूला शहाळे मिळावे म्हणून खचित नव्हे! याचे उत्तर शोधावयाचे तर फळाच्या आधी फुलाकडे, आणि फुलातही साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका लहानशा कोठडीत आपल्याला शिरले पाहिजे.

माडाची पोय उमलते तेव्हा तिच्यावर दोन प्रकारची फुले दिसतात. नरफुले बारीक आणि संख्येने अगणित. मादीफुले मात्र मोजकी, सुपारीसारखी गोल आणि टणक. नरफुलांतून जी पिवळसर भुकटी झडते, तिच्या एकेका कणाला परागकण म्हणतात. वारा आणि मधमाश्या हे कण मादीफुलापर्यंत पोचवितात. जास्वंदीसारख्या फुलांत ही दोन्ही अंगे एकाच फुलात असतात. मादी अंगाच्या चिकट टोकाला कुक्षी, तिच्या खालच्या फुगीर भागाला अंडाशय आणि अंडाशयातल्या इवल्याशा गाठींना बीजांडे म्हणतात. पुढे अंडाशयाचे फळ होते आणि बीजांडाची बी होते, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

परंतु पराग कुक्षीवर पडला म्हणजे काम झाले, असे समजू नका. पाहुणा दारात आला, एवढाच त्याचा अर्थ. बीजांड आत खोल असते, परागकणाला ना पाय ना पंख. मग तो आत जातो कसा?

हा प्रश्न जाणत्या लोकांनाही फार दिवस छळीत होता. इटलीतील जोव्हान्नी बातिस्ता आमिची हे स्वतः सूक्ष्मदर्शक यंत्रे तयार करणारे कुशल गृहस्थ होते. सन 1823-24 च्या सुमारास घोळीच्या जातीच्या एका फुलाची कुक्षी ते आपल्या यंत्राखाली पाहत होते. घोळ म्हणजे तीच, जिची भाजी आपण आवडीने खातो. पाहता पाहता त्यांना एका परागकणातून बारीक नळी बाहेर पडताना दिसली. परागकण स्वतः चालत नाही. तो कुक्षीवर जणू रुजतो, आणि त्याची नळी कुक्षीतून खाली वाट काढीत थेट बीजांडापर्यंत जाते. या नळीला परागनलिका असे नाव आहे.

हा प्रवास केवढा असतो, ते मक्याच्या कणसावरून ध्यानात येईल. कणसाच्या टोकातून जे रेशमासारखे केस लोंबतात, त्यांतला प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. मक्याचा परागकण सुमारे एक दशांश मिलिमीटर रुंद असतो, आणि त्याच्या नलिकेला केसातून वीस-वीस सेंटिमीटर वाट चालून जावे लागते, म्हणजे आपल्या अंगाच्या दोन हजार पट! दीड मीटर उंचीच्या मुलाने त्या मानाने चालावयाचे ठरविले, तर त्याला तीन किलोमीटर जावे लागेल. हे सारे सुमारे एका दिवसात उरकते. ज्या केसापर्यंत पराग पोचला नाही, त्या केसाचा दाणा भरत नाही. भाजलेले कणीस खाताना मधेच एखादी जागा रिकामी आढळली, तर तेथे हा प्रवास फसला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

नलिकेला अंधारात वाट कोण दाखवितो, हेही आता बरेच उलगडले आहे. बीजांडात अंडपेशीच्या शेजारी दोन सहायक पेशी असतात. पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराची वीट, आणि केंद्रक म्हणजे त्या विटेत राहून तिचा कारभार पाहणारा सूक्ष्म गोळा, एवढे लक्षात ठेवा. या सहायक पेशी एक द्रव्य पाझरतात आणि त्याच्या रोखाने नलिका वळते. जपानमधील तेत्सुया हिगाशियामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली टोरेनिया नावाच्या बागेतील फुलावर प्रयोग करून ते द्रव्य ओळखून काढले. नलिका आत शिरते ती एका सहायक पेशीतूनच, आणि तिला वाट देताना ती पेशी नष्ट होते.

आता कथेतील मोठा वाद येतो. नलिका बीजांडात पोचली, एवढे सर्वांना मान्य झाले. पुढे जो भ्रूण, म्हणजे झाडाचे बाळ, तयार होतो तो कोणाचा? माथियास श्लायडेन या विख्यात जर्मन शास्त्रज्ञाने ठासून सांगितले, की नलिकेचे टोकच आत जाऊन भ्रूण बनते. बीजांड म्हणजे त्याला ठेवण्याची नुसती टोपली. मोठ्या माणसाचे मत म्हणून पुष्कळांनी ते उचलून धरले. आमिची यांनी मात्र ऑर्किडच्या फुलांत पुन्हा पुन्हा पाहून दाखविले, की भ्रूण ज्या पेशीपासून होतो ती नलिका येण्याच्या आधीपासूनच बीजांडात असते. 1849 साली विल्हेल्म होफमाइस्टर यांनी अनेक वनस्पतींची बीजांडे तपासून तेच सिद्ध केले, आणि वाद मिटत आला. होफमाइस्टर त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांच्या घरचा धंदा संगीताची पुस्तके छापण्याचा. वनस्पतिशास्त्र ते स्वतःचे स्वतःच शिकले होते. दृष्टीही त्यांची फार अधू होती. तरीही बड्या पंडिताला जे दिसले नाही ते त्यांना दिसले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

तर अंडपेशी आईकडची आणि नलिकेतून येणारी नरपेशी पित्याकडची. या दोघींचा संयोग झाला, म्हणजे त्याला फलन म्हणतात. परंतु येथे एक गंमत आहे. परागनलिकेतून एक नव्हे, दोन नरपेशी येतात. एकीने अंडपेशीशी संयोग केला, दुसरीचे काय?

या दुसरीचा माग एका चमत्कारिक दाण्याने लावून दिला. शुभ्र दाण्यांच्या मक्याशेजारी पिवळ्या दाण्यांचा मका पेरला, तर पांढऱ्या कणसात अधूनमधून पिवळे दाणे निघतात, हे शेतकऱ्यांच्या पाहण्यात होते. पुढच्या पिढीत रंग बदलला असता तर नवल नव्हते. मुलात बापाचा रंग उतरतोच. पण हा पिवळा रंग तर दाण्याच्या पिठात होता, भ्रूणात नव्हे. पीठ म्हणजे भ्रूणासाठी ठेवलेली शिदोरी. ती आईने एकटीने भरली असेल, तर तीत बापाचा रंग आला कोठून?

1898 साली कीव्ह येथील विद्यापीठातील प्राध्यापक सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातील फुलांचे अतिशय पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बीजांडातील ज्या पिशवीत अंडपेशी असते, तिला भ्रूणकोश म्हणतात. त्याच पिशवीच्या मध्यभागी एक मोठी पेशी असते आणि तिच्यात दोन केंद्रके असतात. नवाशिन यांना असे आढळले, की पहिली नरपेशी अंडपेशीशी एकरूप होते, आणि त्याच वेळी दुसरी नरपेशी या मधल्या पेशीत शिरून तिच्या दोन केंद्रकांशी एकरूप होते. एकाच बीजांडात दोन संयोग! पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेओन गिन्यार यांनीही स्वतंत्रपणे हेच पाहिल्याचे प्रसिद्ध केले. या घटनेला द्विफलन असे म्हणतात. पहिल्या संयोगातून भ्रूण होतो. दुसऱ्यातून भ्रूणाचे अन्न तयार होते आणि त्याला भ्रूणपोष म्हणतात. म्हणजे शिदोरीतही बापाचा वाटा असतो: दोन भाग आईचे, एक भाग पित्याचा. पिवळ्या दाण्याचे कोडे लगेच सुटले.

आता आपण पुन्हा माडाकडे वळू या. पोयीवरच्या त्या टणक मादीफुलातही हे दोन संयोग घडून येतात. त्यानंतर भ्रूण आधी वाढेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही. फलित झालेली अंडपेशी जणू डोळे मिटून स्वस्थ बसते, आणि मधल्या पेशीत मात्र धांदल उडते. तिचे केंद्रक दुभंगते. दोहोंची चार होतात, चारांची आठ, आणि अशी वाढत वाढत अनेक होतात. परंतु या केंद्रकांच्या मधे भिंती काही उभ्या राहत नाहीत. एका मोठ्या दालनात, रसाने भरलेल्या, ही केंद्रके नुसती तरंगत असतात. बाळ जन्मण्यापूर्वीच त्याच्या दुधाची सोय झालेली असते, असे म्हणा ना.

तो रस म्हणजेच नारळाचे पाणी.

फळ पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत आत मुख्यतः हे पाणीच असते. मग केंद्रके कडेला जमू लागतात, त्यांच्याभोवती भिंती बांधल्या जातात, आणि करवंटीच्या आतल्या बाजूला साईसारखा मऊ थर धरतो. शहाळ्यातली लुसलुशीत मलई ती हीच. थर हळूहळू जाड आणि घट्ट होत जातो. पूर्ण वर्षभराने नारळ पक्का होतो तेव्हा त्या थराचे खोबरे झालेले असते आणि उरलेले पाणी मधल्या पोकळीत राहते. पाणी आणि खोबरे ही दोन निरनिराळी द्रव्ये नव्हेत. एकाच भ्रूणपोषाची ती पातळ आणि घट्ट अशी दोन रूपे आहेत.

हे पाणी खरोखर बाळाचे अन्न आहे, याची परीक्षा शास्त्रज्ञांनी एका निराळ्याच झाडावर घेतली. 1941 साली अमेरिकेत योहानेस व्हान ओव्हरबेक व त्यांचे सहकारी धोत्र्याच्या बियांतून अगदी कोवळे भ्रूण काढून ते काचेच्या भांड्यात वाढविण्याची खटपट करीत होते. साखर आणि क्षार घालूनही ते भ्रूण जगत नव्हते. त्यांत नारळाचे पाणी मिसळताच ते वाढीला लागले. माडाच्या बाळाचा खाऊ धोत्र्याच्या बाळालाही मानवला!

आणि ते बाळ तरी दिसते कसे? फलित अंडपेशी जागी झाली, म्हणजे तिचे प्रथम दोन भाग होतात, आणि बहुधा ते सारखे नसतात. वरचा लहान भाग भ्रूण होतो. खालच्या मोठ्या भागाचा बारीकसा देठ होतो, आणि तो भ्रूणाला अन्नाच्या साठ्यात पुढे ढकलतो. भ्रूण आधी वाटोळा असतो. घेवडा, हरभरा, भुईमूग यांच्यासारख्या वनस्पतींत त्या गोळ्याला दोन उंचवटे येतात आणि तो पत्त्यांतल्या बदामासारखा दिसू लागतो. तेच दोन उंचवटे वाढून बियांतल्या दोन डाळी होतात. त्यांच्या बेचक्यात पहिला कोंब आणि उलट्या टोकाला पहिले मूळ असते. आंबा कसा वाढेल, हरभरा कसा वाढेल, वर कोणते टोक आणि खाली कोणते, हे सारे अशा रीतीने टाचणीच्या डोक्याहूनही लहान गोळ्यात ठरून जाते.

हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकच हवा असे नाही. पाच-सहा शेंगदाणे रात्रभर भिजत घाला. सकाळी त्यांचे लाल साल काढा आणि दोन पाकळ्या हलक्या हाताने सुट्या करा. निमुळत्या टोकाशी एका पाकळीला चिकटलेला छोटासा कोंब दिसेल. नीट निरखले तर त्यावर घडी घातलेली इवली पानेही दिसतील. भुईमुगाला आऱ्या सुटून त्या मातीत शिरल्या, तेव्हा हे बाळ त्यांच्या टोकाशी नुकतेच आकाराला येऊ लागलेले होते.

शेंगदाण्यात भ्रूणपोष शोधू लागाल तर तो सापडणार नाही. भुईमुगाच्या आणि हरभऱ्याच्या बाळाने आपली शिदोरी बी पिकण्यापूर्वीच खाऊन स्वतःच्या दोन डाळींत साठविलेली असते. ज्वारी, गहू, भात आणि मका यांची रीत निराळी: त्यांची शिदोरी दाण्यात तशीच राहते आणि आपण तिची भाकरी करतो. तांदळाचा एक दाणा हातात घेऊन पाहा. एका टोकाला लहानशी खाच दिसेल. तेथे भ्रूण होता. गिरणीत भात सडताना तो निघून गेला. म्हणून भात पेरला तर उगवतो, पांढरा तांदूळ पेरला तर उगवत नाही. आपल्या ताटातला भात आणि भाकरी यांचा बहुतेक भाग म्हणजे त्या दुसऱ्या नरपेशीच्या संयोगाचे फळ आहे. तो संयोग झाला नाही, तर दाणा पोचट राहतो. भाताची लोंबी फुलोऱ्यावर असताना उष्णता 35 अंशांच्या वर चढली, तर परागाचे काम बिघडते आणि पुष्कळ दाणे भरत नाहीत. त्या वेळी शेतकरी आभाळाकडे का पाहतो, ते आता तुम्हांला कळेल.

भ्रूण धडधाकट असावा आणि शिदोरी मात्र बिघडलेली असावी, असेही कधी घडते. फिलिपाईन्स बेटांत मकापुनो नावाचा एक नारळ होतो. तो फोडला तर आत पाणी जवळजवळ नसते. सारी पोकळी मऊ, चिकट गराने भरलेली असते. लोक तो आवडीने खातात आणि त्याला भावही चांगला येतो. परंतु हा नारळ जमिनीत ठेवला तर उगवत नाही. भ्रूण तपासावा तर त्यात दोष काही दिसत नाही. भोवती भरपूर गर असून त्याचा उपयोग त्याला होत नाही, आणि बिचारा उपाशी मरतो. शिवाय हा गुण आईकडून आणि परागाकडून असा दोहोंकडून यावा लागतो. म्हणून एकाच माडावर साधे नारळ पुष्कळ आणि असे नारळ थोडे, असे दिसते. 1960 नंतरच्या काही वर्षांत तेथील एमेरिटा द गुझमान यांनी अशा नारळांतून भ्रूण अलगद काढून तो काचेच्या नळीत पोषक द्रव्यांवर वाढविला. भ्रूण रुजला, त्याचे रोप झाले. अशा रोपांपासून वाढलेल्या माडांना मग जवळजवळ सारे नारळ मकापुनोच लागू लागले.

आपल्या देशातही या विषयात मोठे काम झाले आहे. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी (1904-1966) यांनी भ्रूणविज्ञानाची एक नामांकित शाखा उभी केली. 1962 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या झाडाची खसखस असते, त्या अफूच्या फुलातील बीजांडे बाहेर काढून परीक्षानळीत ठेविली आणि त्यांवर पराग शिंपडला. फूल नाही, कुक्षी नाही; तरी परागनलिका निघाल्या, बीजांडात शिरल्या, फलन झाले आणि नळीतच बिया तयार झाल्या.

आता नारळाच्या बाळाची भेट तेवढी राहिली. सोललेल्या नारळाला तीन डोळे असतात, त्यांतला एकच मऊ असतो. त्याच्या मागे, खोबऱ्यात रुतून, करंगळीच्या नखापेक्षा लहान असा भ्रूण बसलेला असतो. कोकणात नारळ रुजत घालतात तेव्हा याच डोळ्यातून कोंब बाहेर येतो. त्याच वेळी भ्रूणाचे दुसरे टोक आत वाढू लागते आणि पोकळीत पांढरा, भुसभुशीत, गोडसर गोळा तयार होतो. मुले तो मोठ्या आवडीने खातात. तो गोळा म्हणजे बाळाचे तोंड समजा. तो आधी पाणी शोषतो, फुगत फुगत सारी पोकळी व्यापतो, आणि मग खोबऱ्याला लागतो. कित्येक महिने वर पाने फुटत राहतात, खाली मुळे उतरत राहतात आणि आतले खोबरे पातळ होत जाते. दोन-तीन पाने आलेला नारळ कधी फोडावयास मिळाला तर पाहा: पाण्याचा एक थेंबही उरलेला नसतो.